हेरातमध्ये इंजिन खाली उतरवलेलं आहे

1972 चा सप्टेंबर. तुम्ही फोक्सवॅगन बसमध्ये जागे होता. मागचं बाक उलगडलं की या गाडीत पलंग होतो आणि त्याचं एक टोक थेट इंजिनाच्या वर येतं. सध्या मात्र त्या टोकाखाली पोकळी आहे. इंजिन अंगणात गोणपाटावर पडलंय आणि त्याच्या उघड्या भोकांत गॅरेजच्या मिस्त्रीने, म्हणजे उस्तादने, चिंध्या कोंबल्या आहेत. कारण वारा. हेरातला जूनपासून सप्टेंबरपर्यंत वायव्येकडून वारा सुटतो, त्याला इथे एकशेवीस दिवसांचा वारा म्हणतात. दाताखाली कचकचणारी ती धूळ सिलिंडरमध्ये शिरली, तर आज निघालंय त्याच्या दुप्पट काम निघेल.

पडदा सरकवा. तुतीच्या झाडापासून गाडीच्या आरशापर्यंत बांधलेल्या दोरीवर तुमचे कपडे वाळताहेत. त्यांच्याखालून वाकून एक ट्रकवाला धुरा ओढत नेतोय. गाडीतल्या छोट्या मोरीचा हातपंप दाबा, तोंड धुवा, पण घाई करा. जॅक लावायचा झाला की उस्ताद खिडकीवर टकटक करतो आणि तुम्हाला अंथरुणासकट बाहेर यावं लागतं. गाडी हेच घर असलेल्या माणसाला गॅरेजमधून परत जायला दुसरं ठिकाण नसतं. त्याची चूल, उशी, औषधं आणि भांडणं, सगळं मिस्त्रीच्या डोळ्यांदेखत मांडलेलं असतं.

इराणची हद्द सोडून अफगाणिस्तानातल्या इस्लाम कालाच्या चौकीवर शिक्के घेतले, तोवर सगळं ठीक होतं. हेरातच्या वाटेवर मागून हातोडा आपटल्यासारखा आवाज आला आणि गाडी थांबली. रंगीत फळ्यांच्या एका ट्रकने दोर लावून इथवर ओढत आणलं. उस्तादने इंजिन उघडण्याआधीच तीन बोटं वर केली : तिसरा सिलिंडर. हे इंजिन हवेवर थंड होतं, त्यात पाणी नाही. पंख्याच्या हवेच्या वाटेत ऑइल कूलर उभा असतो आणि त्याच्या आडोशाला सापडलेला तिसरा सिलिंडर बाकीच्या तिघांपेक्षा जास्त तापतो. तापून तापून एक्झॉस्ट व्हाल्व्हचं डोकं तुटतं आणि पिस्टनला भोक पाडतं. पुढे कंपनीने कूलर त्या वाटेतून बाजूला घेतला, पण तुमची गाडी 1968 ची आहे. उस्तादला हे कोणत्याही पुस्तकाने सांगितलेलं नाही. युरोपातून गोव्याकडे आणि काठमांडूकडे जाणाऱ्या अशा गाड्या त्याच्या अंगणात येतात, आणि त्यांची इंजिनं त्याने हाताने वाचली आहेत.

गाडी सोडून बसने पुढे जावं, हा विचार तुमच्या मनात येतो. ते जमणार नाही. कागदपत्रांच्या पाकिटातलं कार्ने काढून पाहा. तुमच्या देशातल्या ऑटोमोबाइल क्लबने बँकेची हमी घेऊन ते दिलंय, आणि प्रत्येक देशासाठी त्यात गाडी आल्याचा एक आणि गेल्याचा एक शिक्का लागतो. गाडी बाहेर पडली नाही तर तिच्यावरचं आयातशुल्क त्या हमीतून वसूल होतं. व्हिसाचे दिवस उलटताहेत आणि डिसेंबरात गोव्यात कळंगुटच्या वाळूत बसायचा बेत हळूहळू पुढे सरकतोय. सुट्या भागांसाठी तार केलेली आहे. ते सामान विमानाने काबूलला येईल, तिथे कस्टममधून सुटेल, मग बसच्या टपावरून आधी अमेरिकनांनी बांधलेल्या डांबरी रस्त्याने कंदाहार आणि पुढे रशियनांनी बांधलेल्या काँक्रीटच्या रस्त्याने हेरात. हजार किलोमीटरच्या वर. दोन महासत्तांनी चढाओढीने बांधलेला तो रस्ता उत्तम आहे, पण सध्या त्यावरून तुमचं काही येत नाही.

रोज विचारलं की उस्ताद म्हणतो, "फर्दा." उद्या.

म्हणून तुम्ही चालायला लागता. लाल गोंड्यांचे, घुंगरांचे टांगे वाजत जातात. खरबुजांचे ढीग लागलेत. शहराबाहेर मुसल्ल्याचे मिनार दिसतात. त्यांच्यामधल्या इमारती 1885 मध्ये पाडल्या गेल्या, रशियन फौज आलीच तर तोफांच्या माऱ्याला आड नको म्हणून, इंग्रज अधिकाऱ्यांच्या सल्ल्याने. फौज आलीच नाही. मिनारांच्या वाटेवर, भिंतीच्या सावलीत काही कुटुंबं बसलेली आहेत. ती घोरच्या डोंगरातून आलीत. दोन वर्षं बर्फ आणि पाऊस पुरेसे पडले नाहीत, मेंढ्या मेल्या, बी-बियाणं खाऊन संपलं. एक बाई तुमच्याकडे बघते, हात पुढे करत नाही. पिस्टनची वाट पाहणं आणि पावसाची वाट पाहणं यांत काय अंतर असतं, ते तिथे उभं राहिल्यावर तुम्हाला कुणी समजावून सांगावं लागत नाही. त्या दुपारी तुम्ही उस्तादला "कधी" असं विचारत नाही.

युरोपातून गोवा-काठमांडूकडे जाणाऱ्या या रस्त्याविषयी पुढे जे लिहिलं गेलं त्यात चरस आहे, गुरू आहेत, लांब केसांची पोरं आहेत. मिस्त्री जवळजवळ नाहीत. मला तो अन्याय वाटतो. तेहरान ते लाहोर या वाटेवरच्या अंगणांत दुसऱ्याच्या देशातलं यंत्र मिळेल त्या हत्यारांनी उभं करणारी माणसं नसती, तर युरोपातून निघालेल्या किती गाड्या गोव्यातल्या हणजुण्याला पोचल्या असत्या?

आणि तुम्हाला पुढचं ठाऊक आहे, हे या अंगणातलं सर्वांत अवघड ओझं. येत्या जुलैत राजा झहीर शाहची गादी जाईल. मार्च 1979 मध्ये हेरात उठाव करेल आणि तो रक्तात बुडवला जाईल. त्याच वर्षी आधी इराणमध्ये क्रांती, मग डिसेंबरात सोव्हिएत फौजा, आणि ही वाट बंद. डिझेलमध्ये नट धुणारा शागीर्द आज दहाएक वर्षांचा असेल. 1979 मध्ये तो किती वर्षांचा होईल, याचा हिशेब तुम्ही करता. तो तुम्हाला चहा आणून देतो, साखरेचा खडा दातात धरायचा असतो हे करून दाखवतो, आणि तुमची धांदल बघून खदखदून हसतो.

सामान काबूलहून येत नाहीच. ते पश्चिमेकडून येतं. नेपाळकडे निघालेलं एक डच जोडपं अंगणात वळतं. त्यांच्या टपावरच्या पेटीत जादा पिस्टन आणि सिलिंडर आहे. तुमची जादा क्लच केबल आणि दाराबाहेर लावायचा तंबू, या बदल्यात सौदा होतो. उस्ताद व्हर्नियर लावतो : 85.5 मिलिमीटर. जमलं. पण तेवढ्याने त्याचं समाधान होत नाही. तो समोरच्या वाण्याचा तराजू मागवतो, एका पारड्यात नवा पिस्टन आणि दुसऱ्यात जुन्यांपैकी एक ठेवतो. नवा जड भरतो. वजनात फरक राहिला तर इंजिन थरथरेल, म्हणून तो आतल्या कडेवर कानस चालवतो, पुन्हा तोलतो, पुन्हा घासतो. वाणी, शागीर्द, डच जोडपं आणि तुम्ही, सगळे काट्याकडे बघताय.

इंजिन बसतं. दुसऱ्या दिवशी पहाटे, इंजिन गार असताना, उस्ताद तुम्हाला गाडीखाली झोपवतो आणि फिलर गेज हातात देतो. टॅपेट तुम्हीच लावायचे. व्हाल्व्हच्या या फटी वेळच्या वेळी लावल्या नाहीत तर व्हाल्व्ह पुन्हा जळेल, आणि हेरातच्या पुढे तो तुमच्याबरोबर नसणार. तुम्ही पाना फिरवता, पातं फटीत सरकवता. तो शेजारी आडवा होऊन तेच पातं दोन बोटांनी ओढून बघतो.

"ढिला आहे, बिरादर. पुन्हा लावा."