हातगाडीभर नाण्यांनी घेतलेलं गाव

गटाच्या बैठकीत आम्हाला हमखास एक प्रश्न येतो : महिन्याला शंभर-दोनशे रुपये टाकून असं काय मोठं होणार आहे? आज आम्ही फार लांबच्या एका गावपट्ट्याचा इतिहास सांगतो. उत्तर तुम्हीच ठरवा.

दक्षिण अमेरिकेच्या उत्तर किनाऱ्यावर गयाना नावाचा देश आहे. तो बेट नाही, पण उसाच्या मळ्यांमुळे आणि गुलामगिरीच्या इतिहासामुळे त्याला कॅरिबियन देशांमध्येच धरतात. राजधानी जॉर्जटाऊन. तिथून समुद्राच्या कडेकडेने पूर्वेला निघालं, की वीसेक किलोमीटरवर बक्स्टन लागतं आणि पुढे व्हिक्टोरिया. या भागाला डेमेराराचा पूर्व किनारा म्हणतात.

इथली जमीन भरतीच्या पाण्यापेक्षा खाली आहे. पुढे समुद्र, मागे दलदल, मध्ये शेतीची अरुंद पट्टी. डच मळेवाल्यांनी पुढे बांध घातला, मागे बांध घातला आणि मधे चर खणले. चराच्या तोंडाशी लाकडी झडप बसवली. तिला तिथे ‘कोकर’ म्हणतात. ओहोटी लागली की झडप उघडायची, पावसाचं पाणी समुद्रात सोडायचं. भरती यायच्या आत बंद करायची. आपल्या कोकणातल्या खारबंदिस्तीला उघाडी असते, तसंच हे.

पण हे सगळं खणलं कोणी? आफ्रिकेतून धरून आणलेल्या गुलाम बाया-पुरुषांनी, हाताने, चिखलात उभं राहून. पुढे ब्रिटिश सरकारच्या एका आयोगाने याचा हिशेब केला. एक चौरस मैल उसासाठी ४९ मैल निचऱ्याचे चर आणि १६ मैल वरच्या पातळीचे कालवे लागत. त्यासाठी किनाऱ्यावर किमान दहा कोटी टन माती उपसली गेली होती.

१८२३ साली याच किनाऱ्यावर हजारो गुलामांनी उठाव केला. तो गोळ्या घालून आणि फाशी देऊन दडपला. १८३४ साली कायद्याने गुलामगिरी संपली, पण आणखी चार वर्षं त्याच मालकाकडे राबण्याची सक्ती होती. खरी सुटका झाली १ ऑगस्ट १८३८ रोजी.

सुटका झाली, पण राहायचं कुठे? झोपडी मालकाची, परसबागही मालकाची. मजुरीवरून वाद झाला की दोन्ही जाणार. स्वतःची जमीन नसेल तर हे स्वातंत्र्य कागदावरच राहील, हे त्यांनी ओळखलं.

पैसा होता तो चिल्लर. परसातली केळी, कसावा, कोंबड्या बाजारात विकून साठवलेला. ठरलेल्या तासांपेक्षा जास्त काम करून मिळवलेला. नोव्हेंबर १८३९ मध्ये शेजारच्या पाच मळ्यांवरच्या ८३ जणांनी आपापली गाठोडी एकत्र केली आणि नॉर्थब्रुक नावाचा पडीक मळा १०,००० डॉलरला घेतला. नाणी इतकी होती की ती हातगाड्यांवर घालून नेली, असं तिथे पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. गावाचं नाव ठेवलं व्हिक्टोरिया. पुढच्याच वर्षी १२८ जणांनी दुसरा मळा ५०,००० डॉलरला घेतला. गुलामगिरीविरुद्ध लढलेल्या एका ब्रिटिश खासदाराच्या नावावरून तो बक्स्टन झाला.

भागाकार करून बघा. व्हिक्टोरियात माणशी सुमारे १२० डॉलर, बक्स्टनमध्ये सुमारे ३९०. एकट्याच्या चिल्लरीत मळा येत नव्हता, सगळ्यांच्या मिळून आला.

आता पुढचं ऐका. मळेवाल्यांना मजूर हवे होते, शेजारी जमीनदार नकोत. १८५२ साली कायदा झाला : वीसपेक्षा जास्त जणांनी मिळून जमीन घ्यायची नाही. १८५६ साली ती मर्यादा दहावर आणली. मैत्रिणींनो, आपला गट दहा ते वीस जणींचा असतो. तिथे नेमकं तेवढ्याच आकड्यावर बोट ठेवलं होतं. माणसं एकत्र आली की काय होतं, हे सरकारला चांगलं कळलं होतं.

दुसरी अडचण पाण्याची. जमीन घेणं एकदाचं असतं, चर उपसणं दरवर्षीचं. एकाने आपल्या वाट्याचा चर बुजू दिला तर पाणी शेजारणीच्या शेतात साचतं. म्हणूनच १८४५ साली व्हिक्टोरियाच्या लोकांनी गावाचे नियम लिहून काढले. तरीही गावाकडचा पैसा अपुरा पडे. मळ्यांच्या मागे भांडवल होतं, गावांच्या मागे नव्हतं. वर सरकारने निचऱ्याची पट्टी लावली. १८६२ साली बक्स्टनच्या लोकांनी या पट्टीविरुद्ध गव्हर्नरची आगगाडीच अडवली, हे तिथे आजही अभिमानाने सांगतात.

या काळात आपल्याकडची माणसंही तिथे पोहोचली. १८३८ च्या मे महिन्यात दोन जहाजांतून पहिले करारबद्ध मजूर उतरले. १९१७ पर्यंत सुमारे २,३९,००० भारतीय गेले, बहुतेक आजच्या उत्तर प्रदेश-बिहारकडचे. मळेवाल्यांना स्वस्त मजूर मिळाले आणि मोकळ्या झालेल्या लोकांची मजुरी वाढेना. दोन्हीकडचे गरीबच, पण त्यांना एकमेकांसमोर उभं केलं गेलं. त्याचे व्रण त्या देशात अजून आहेत.

पाणीही अजून आहे. जानेवारी २००५ मध्ये या किनाऱ्यावर इतका पाऊस झाला की गावं कित्येक दिवस पाण्यात राहिली.

आणि साठवण्याची सवयही आहे. गयानात तिला ‘बॉक्स हँड’ म्हणतात. ठरावीक जणी दर आठवड्याला किंवा महिन्याला सारखी रक्कम टाकतात आणि पाळीपाळीने एकीला सगळी मिळते. आपली भिशीच ही. त्रिनिदादमध्ये हिलाच ‘सूसू’ म्हणतात, जमैकात ‘पार्टनर’. ही रीत त्यांच्या पूर्वजांनी आफ्रिकेतून मनात बांधून आणली होती. बाकी काही आणू दिलं नव्हतं.

आम्हाला या इतिहासात दोन गोष्टी सारख्याच मोलाच्या वाटतात : हातगाडीभर नाणी आणि नियमांचा तो कागद. पहिलीमुळे जमीन मिळाली, दुसरीमुळे ती राखायची वाट सापडली. पुढच्या बैठकीत एवढंच बोला : आपल्या गटाने मिळून घेतलेली वस्तू, मग ती शिलाई मशीन असो की पिठाची गिरणी, तिची दुरुस्ती कोणी आणि कशातून करायची, हे आपल्या वहीत लिहिलेलं आहे का?