पाच कोणत्या रंगाचा?

अवसरी खुर्दच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयातून तुम्ही सकाळी निघता. मंचर, नारायणगाव, जुन्नर मागे पडतं आणि तुम्ही नाणेघाटाच्या माथ्यावर येता. महाविद्यालय २००९ सालचं. इथे मात्र कातळातल्या वाटेने गुहेच्या तोंडाशी येईपर्यंत दोन हजार वर्षं मागे सरलेली असतात. तुम्ही इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात उभे असता.

कोकणातून घाट चढून आलेले बैल धापा टाकताहेत. गुहेत छिन्नीचा आवाज घुमतो आहे. सातवाहन राणी नागनिकेच्या लेखात यज्ञांची आणि त्यांत दिलेल्या दक्षिणेची नोंद कोरली जाते आहे: गाई, घोडे, कार्षापण नाणी. भाषा प्राकृत, लिपी ब्राह्मी. आकड्यांपाशी तुमची नजर थांबते. दहाची खूण वेगळी, शंभराची वेगळी, हजाराची वेगळी. शून्य कुठेच नाही. भारतातल्या सर्वांत जुन्या अंकलेखनांपैकी हे एक.

बाहेर येऊन तुम्ही खड्यांचे पाच गट मांडता: पहिल्यात एक खडा, दुसऱ्यात दोन, असं पाचापर्यंत. एका वाटीत गेरू, दुसरीत चुना. प्रत्येक आकड्याला तांबडा नाहीतर पांढरा रंग द्यायचा. अट एकच: एका रंगाच्या दोन आकड्यांची बेरीज त्याच रंगात सापडता कामा नये. तोच आकडा दोनदा मिळवला तरी ती बेरीज धरायची. अशी बेरीज सापडली की ते झालं एकरंगी उत्तर, आणि डाव तिथेच मोडला.

लेख कोरणारा माणूस छिन्नी ठेवून पाहायला येतो. तुम्ही एकाला तांबडा लावता. एक अधिक एक दोन, म्हणून दोन पांढरा. दोन अधिक दोन चार, म्हणून चार तांबडा. तीन तांबडा केला तर एक, तीन आणि चार तिन्ही तांबडे होतील, म्हणून तीन पांढरा. आता पाच. तांबडा करावा तर एक आणि चार आडवे येतात. पांढरा करावा तर दोन आणि तीन. तो माणूस गेरूची वाटी उचलतो, ठेवतो. चुन्याची उचलतो, तीही ठेवतो. पाचाला रंगच उरलेला नाही. एकाला आधी पांढरा दिला असता तरी हेच झालं असतं, फक्त रंगांची अदलाबदल झाली असती.

तुमची भाषा त्याला येत नाही, तरी त्याला पटलेलं आहे. शून्य लागलं नाही, बीजगणित लागलं नाही, बेरीज तेवढी पुरली. हा प्रश्न या घाटातही विचारता आला असता. पण तो विचारला जाण्यासाठी १९१६ साल उजाडावं लागलं, म्हणून तुम्ही आता तिकडे निघता.

जर्मनी महायुद्धात गुंतलेला आहे. ४१ वर्षांचे गणिती इसाय शूर याच वर्षी बॉनहून बर्लिनला परतताहेत. तुम्ही त्यांच्या टेबलाशी उभे राहून कागदावर नजर टाकता. फर्माच्या शेवटच्या प्रमेयातलं समीकरण आहे, पण आकडे पूर्ण न घेता त्यांना एखाद्या मूळ संख्येने भागल्यावर उरणारी बाकीच तेवढी पाहायची आहे. शूर दाखवतात की मूळ संख्या पुरेशी मोठी असली की या रूपात समीकरण सुटतंच. म्हणजे पूर्ण आकड्यांत ते सुटत नाही, हे फर्माचं प्रमेय नुसत्या बाक्या तपासून हाती लागणार नाही. या सिद्धतेत त्यांना एक पायरी लागते, आणि पुढे तीच अजरामर होते: रंग कितीही घ्या, ते मोजके असले आणि आकडे पुरेसे लांबवर नेले की एकरंगी बेरीज टळत नाही.

का टळत नाही, तेही त्याच कागदावर दिसतं. सर्वांत जास्त आकडे ज्या रंगात आहेत तो रंग घ्या. त्यातल्या सर्वांत मोठ्या आकड्यातून बाकीचे वजा करा. या वजाबाक्या त्याच रंगाच्या असतील तर एकरंगी बेरीज झालीच; ती नको असेल तर त्यांना उरलेल्या रंगांतच जावं लागतं. आता त्या वजाबाक्यांमधला सर्वांत भरलेला रंग घ्या आणि पुन्हा तेच करा. दर फेरीला एक रंग बाद होतो. आकडे भरपूर असतील तर रंग आधी संपतात. या हिशेबाने तीन रंगांना १६ आकडे नक्की भारी पडतात. प्रत्यक्षात १३ पर्यंतच तग धरता येतो, १४ वर डाव मोडतो.

पुढचा मुक्काम बर्लिन, १९३३. नाझी सत्तेवर आले आहेत आणि ज्यू असलेल्या शूरांना विद्यापीठात शिकवायला बंदी झाली आहे. त्यांचे विद्यार्थी रिचर्ड राडो इंग्लंडची वाट धरताहेत. त्याच वर्षी छापलेल्या त्यांच्या प्रबंधात स्थिर पद नसलेल्या सगळ्या रेषीय समीकरणांचा निवाडा आहे. सगळी पदं एका बाजूला आणा आणि सहगुणक पाहा. त्यांतल्या काहींची बेरीज शून्य होत असेल तर एकरंगी उत्तर अटळ, नसेल तर टाळता येतं. शूरांच्या समीकरणात सहगुणक एक, एक आणि उणे एक. एक आणि उणे एक मिळून शून्य, म्हणून सुटका नाही. पण दोन आकड्यांची बेरीज तिसऱ्याच्या तिप्पट असावी असं म्हटलंत तर चार रंगांत निभावतं. आकड्याला पाचाने भाग जाईल तितक्या वेळा भागा, मग पाचाने भागून उरलेली बाकी पाहा: एक, दोन, तीन किंवा चार. ती बाकी हाच त्याचा रंग. आकडे कितीही लांब न्या, एकरंगी उत्तर कधीच सापडणार नाही.

शूरांना १९३५ मध्ये पद कायमचं सोडावं लागलं. १९३९ मध्ये ते पॅलेस्टाईनला गेले आणि १० जानेवारी १९४१ रोजी, आपल्या ६६व्या वाढदिवशी, तेल अवीवमध्ये वारले. ज्या देशाने हे गणित घडताना पाहिलं, त्यानेच ते करणाऱ्यांना हाकललं. या विषयाचा इतिहास सांगताना हे सांगितलंच पाहिजे.

१९९० मध्ये तुम्हाला प्रश्न उलटा फिरलेला दिसतो. आता बेरजेतले तिन्ही आकडे तीन वेगळ्या रंगांचे हवेत. याला इंद्रधनुषी उत्तर म्हणतात. ते नुसत्या लांबीने मिळत नाही. सगळे विषम आकडे तांबडे करा, सम आकडे हिरव्या आणि निळ्यांत निम्मे निम्मे वाटा. इंद्रधनुषी बेरजेत एक विषम आणि दोन सम आकडे लागतील, आणि असं कधीच जुळत नाही. इथे हिरव्याला आणि निळ्याला जेमतेम पाव पाव वाटा मिळाला आहे. शोनहाइम यांनी सिद्ध केलं की तिन्ही रंगांना पाव हिश्शाहून जास्त आकडे मिळाले, तर इंद्रधनुषी बेरीज झालीच पाहिजे. एकरंगी उत्तर लांबी घडवते, इंद्रधनुषी उत्तर वाटणी घडवते. या साऱ्या गणितात मला हे सर्वांत सुंदर वाटतं.

शेवटी २०१७, टेक्सासमधलं ऑस्टिन. मरैन ह्यूल यांचे संगणक पाच रंगांची मर्यादा ठरवताहेत: १६० पर्यंत जमतं, १६१ अशक्य. सिद्धता भरते दोन पेटाबाइट. कुणीही माणूस ती वाचू शकणार नाही, म्हणून ती अचूकता आधीच सिद्ध झालेल्या प्रोग्रामकडून तपासून घेतली आहे. दोन रंगांची सिद्धता तुम्ही खड्यांवर केली होती. मधे फक्त तीन रंग वाढले आहेत.

अवसरी, मंचर, जुन्नरच्या शाळा-महाविद्यालयांतल्या मुलांनो, तीन रंगांचे खडू घ्या. पाच ते नऊ एका रंगात घाला, त्यांच्या बेरजा नवाच्या पुढेच जातात. एक, चार, दहा, तेरा दुसऱ्या रंगात. उरलेले तिसऱ्यात. मग चौदा कोणत्याही रंगात का बसत नाही ते तपासा, आणि पहिले तेरा वेगळे रंगवूनही चौदाला जागा का होत नाही हे स्वतःच्या शब्दांत लिहून काढा. संगणक हाताशी असेल तर चार रंगांकडे वळा, तिथे मर्यादा ४४ आहे. सहा रंगांत ५३६ पर्यंत जाता येतं एवढं सिद्ध झालं आहे. त्यापुढे नेमकं कुठे अडतं, हे अजून कुणालाही ठाऊक नाही.