दृष्टिहीन संगीतसाधक आणि लेखन-मुद्रणाची साधने : एक ऐतिहासिक विचार

फलटण, सातारा, सांगली या परिसरातील महाविद्यालयांत संगीताचा अभ्यास होतो, तेव्हा मिरजेच्या परंपरेचा उल्लेख अपरिहार्य ठरतो. प्रस्तुत लेखात या परंपरेकडे एका वेगळ्या अंगाने पाहावयाचे आहे.

कुरुंदवाड येथे १८७२ साली जन्मलेल्या विष्णु दिगंबर पलुस्करांची दृष्टी बालपणी फटाक्यामुळे अधू झाली, शालेय शिक्षण खुंटले आणि ते मिरजेस बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गायन शिकू लागले. गुरुमुखी विद्येत डोळ्यांचे काम थोडेच. त्याच पलुस्करांनी १९०१ मध्ये लाहोर येथे गांधर्व महाविद्यालय स्थापिले आणि स्वरलिपीची पाठ्यपुस्तके छापली. मंद्र स्वरावर बिंदू, तार स्वरावर उभी रेघ, कोमल स्वरास हलन्त. विद्या घराण्याबाहेर आली, हे मोठेच कार्य होय. परंतु ती तीक्ष्ण नजरेच्या स्वाधीनही झाली.

युरोपात लुई ब्रेल हा स्वतः अंध ऑर्गनवादक होता. त्याच्या १८२९ च्या पुस्तकात अक्षरांबरोबर संगीतलेखनाचाही विचार आहे. अर्थात बोटांनी लिपी वाचताना त्याच हाताने वाद्य वाजविता येत नाही. पाठांतर सुटत नाही. या बाबतीत आपल्या जुन्या गुरुजींना हसण्याचे कारण नाही!

ध्वनिमुद्रणाच्या युगात स्थिती काहीशी सुसह्य होती. जन्मांध रवींद्र जैन (१९४४–२०१५) यांनी 'चितचोर'सारख्या (१९७६) चित्रपटांना संगीत दिले, तेव्हा यंत्र हाताळणे ध्वनिमुद्रकाचे काम होते. शिवाय यंत्राच्या कळा बोटांना लागत. संगणकाने स्टुडिओ घरात आणला आणि कळांची चित्रे झाली. पडदावाचक प्रणाली चित्र वाचीत नाही. प्रत्येक कळीचे नाव कार्यक्रमाने तिला कळवावे लागते. अनेक संगीत-कार्यक्रम आपल्या खिडक्या स्वतःच रंगवितात आणि नाव कळवीत नाहीत. परिणामी वाचक मुका होतो. त्यातच वाचकाचा आवाज आणि संगीत एकाच कानी पडतात, ही अडचण डोळसांना सहसा सुचत नाही.

२००६ साली ऑस्ट्रेलियातील दोन दृष्टिहीन तरुणांनी 'एनव्हीडीए' हा विनामूल्य पडदावाचक आरंभिला. त्यांच्यापैकी जेम्स टेह याने पुढे 'रीपर' या ध्वनिसंपादन कार्यक्रमासाठी 'ओसारा' ही विनामूल्य जोड तयार केली. ट्रॅक कोणता, आवाजाची पातळी किती, निवड कोठवर, हे ती बोलून सांगते. दोष दूर झाला तो उत्पादकाच्या औदार्यापेक्षा वापरणाऱ्याच्या गरजेतून, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने शिक्षणसंस्थांवर सुगम्यतेची जबाबदारी टाकली आहे. तिचा अर्थ आपण बहुधा उताराचा रस्ता आणि लेखनिक एवढाच घेतो. ध्वनिमुद्रणाच्या प्रात्यक्षिकात मात्र लेखनिक निरुपयोगी आहे; माउस दुसऱ्याच्या हाती असेल, तर गुण नेमके कोणास द्यावयाचे? अभ्यासमंडळे सॉफ्टवेअरचे नाव अभ्यासक्रमात छापतात, तेव्हा ते कळफलकावरून व पडदावाचकासह चालते काय, एवढे खरेदीपूर्वी तपासून पाहणे विभागप्रमुखांच्या अधिकारात निश्चितच आहे.