लॉटरीचा पैसा आणि कॉलेजची फी

आम्ही कॉलेजची पायरी चढलो नाही. जे काही शिकलो ते युनियनच्या कचेरीतील कागदांवरून आणि उसन्या पुस्तकांतून. तेव्हा फीविषयी बोलण्याचा आमचा अधिकार विद्वत्तेचा नव्हे, फीसाठी धावाधाव करणाऱ्यांचा आहे.

घुग्घुसातील एका सभेत एका खाणकामगाराने खिशातून राज्य लॉटरीचे तिकीट काढून विचारले, “भाऊ, बक्षीस तर लागत नाही, निदान या पैशातून पोरीची फी तरी का भरत नाहीत?” प्रश्न साधा होता, पण उत्तरासाठी आम्हांला इतिहासात शिरावे लागले.

महाराष्ट्राची लॉटरी 1969 साली सुरू झाली. तिचे उत्पन्न सरकारी तिजोरीत जाते. फीसाठी वेगळी पेटी नाही. अमेरिकेतील जॉर्जिया राज्याने मात्र अशी पेटी केली. 1992 साली तेथे जनतेचा कौल घेतला आणि 1993 पासून लॉटरीच्या नफ्यातून कॉलेजची शिष्यवृत्ती दिली. आरंभी अट दुहेरी होती: मुलाचे गुण चांगले हवेत आणि घरचे वार्षिक उत्पन्न 66,000 डॉलरांच्या आत हवे. दुसऱ्या वर्षी ही मर्यादा एक लाखावर नेली, आणि 1995 साली काढूनच टाकली. उरले केवळ गुण. परिणाम काय झाला? मिळकतीच्या मानाने तिकिटांवर अधिक खर्च करतो गरीब. आणि शिकवणी, पुस्तके, निवांत खोली ज्याच्या घरी आहे त्याचे मूल गुण मिळवून फी वाचवते. पुढे पैसा अपुरा पडू लागला, तेव्हा 2011 साली पूर्ण फी फक्त अगदी वरच्या गुणवंतांना ठेवून इतरांच्या रकमेला कात्री लावली.

आमच्याकडे वाट निराळी निघाली. डॉ. आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना, 1944 साली अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. 1959 साली यशवंतराव चव्हाणांच्या सरकारने जात न पाहता घरची मिळकत पाहून फी माफ करण्याचे धोरण आणले. बाराशे रुपयांच्या वार्षिक मर्यादेची ती ई.बी.सी. सवलत जुन्या पिढीच्या अजून स्मरणात आहे. या योजनांचा पैसा नशिबाच्या तिकिटातून नव्हे, सरकारी तिजोरीतून आला. आज मर्यादा आठ लाखांची आहे, आणि 2024-25 पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांना केंद्रीभूत प्रक्रियेतून प्रवेश घेणाऱ्या, आर्थिक अटीत बसणाऱ्या अनेक मुलींची फी शासन भरते.

मग आमची तक्रार कोणती? दाखल्याची. कायम कामगाराजवळ पगारपत्रक असते. कंत्राटी कामगाराचे उत्पन्न महिन्यागणिक बदलते. आमच्या ओळखीच्या अशाच एका कामगाराच्या मुलीचा उत्पन्नाचा दाखला मुदतीत हाती आला नाही. पात्र असूनही ती त्या वर्षी शिष्यवृत्तीला मुकली, आणि बापाने सावकाराकडून पैसे काढून फी भरली. मर्यादा कितीही उदार असो, ती सिद्ध करण्याची वाट बिकट असली तर तीही एक अटच होते. फरक इतकाच की ती नियमात लिहिलेली नसते.

त्या खाणकामगाराला आम्ही एवढेच सांगितले: पैसा कोणत्या पेटीतून येतो हे जरूर विचार, पण त्याआधी विचार, की अटीच्या चाळणीतून कोण खाली पडतो. जॉर्जियात पेटी भरलेली होती, तरी चाळणी बदलताच तिकीट घेणारा मागे पडला. आमची चाळणी गरिबासाठी विणलेली आहे; तिची भोके बुजू न देणे हे युनियनचे काम आहे, आणि तुम्हां नागरिकांचेही.