मातीच्या किल्ल्यावरचं सिंहासन

थळच्या किनाऱ्यावरून खांदेरी आणि उंदेरी ही बेटं समोर दिसतात. १६७९ साली मायनाक भंडाऱ्याने शिवाजी महाराजांच्या हुकमाने खांदेरीवर तट बांधायला घेतला. मुंबईकर इंग्रजांनी जहाजं घालून रसद अडवली, तरी किनाऱ्यावरून लहान होड्या निसटून बेटावर पोचतच राहिल्या. १८ ऑक्टोबरच्या लढाईत तर इंग्रजांचं 'डव्ह' हे गुराब जातीचं जहाज मराठ्यांनी पकडलं. एवढा ऐवज असूनही दिवाळीचा किल्ला म्हटलं की डोळ्यांपुढे येतो तो सह्याद्रीचा डोंगर. दगडविटांवर गोणपाट, त्यावर चिखल, वर हळीव-मोहरीची हिरवळ आणि माथ्यावर हटकून सिंहासनावर बसलेले महाराज. खरं तर राज्याभिषेक झाला रायगडावर, १६७४ साली; पण अंगणातला किल्ला प्रतापगड असो की सिंहगड, सिंहासन असतंच. माझ्या मते हे सिंहासन इतिहासातून आलेलं नाही, ते चित्रांतून आलं आहे. १८९४ साली मुंबईत रविवर्म्याचा छापखाना सुरू झाला आणि देवादिकांबरोबर शिवाजी महाराजही छापील रंगांत घरच्या भिंतीवर आले. मग १९५२ साली भालजी पेंढारकरांच्या 'छत्रपती शिवाजी'मध्ये चंद्रकांत महाराजांच्या भूमिकेत पडद्यावर दिसले, आणि बाबासाहेब पुरंदऱ्यांच्या शिवचरित्रातून दीनानाथ दलालांची चित्रं घरोघर गेली. मूल बांधतं ते या पाहिलेल्या चित्रांना चिखलात उतरवून.

कुणी म्हणेल, ही प्रथा शिवकाळापासूनची आहे, तिचा सिनेमाशी काय संबंध? प्रथा जुनी असेलही. प्रश्न आजच्या रूपाचा आहे, आणि रंगीत मावळ्यांची फौज कॅलेंडरच्या आधीची मानणं अवघड. दुसरा आक्षेप जास्त वजनाचा: ही नुसती नक्कल, हिला कला कशी म्हणायची? पण नक्कल करणारा प्रमाण सांभाळतो. इथे मावळा बुरुजापेक्षा उंच, वाघ दरवाजाएवढा, आणि पायथ्याच्या रस्त्याला खेळण्यातली मोटारही चालते. जे आवडलं ते मोठं, बाकीचं लहान, हा निवडीचा नियम मुलाचा स्वतःचा असतो. आवडलेल्याच्या नकलेतून नवं घडतं, हे मोठ्यांतही दिसतं: दिग्दर्शक जॉर्ज लुकासला लहानपणी आवडलेल्या 'फ्लॅश गॉर्डन'चे हक्क मिळाले नाहीत, म्हणून त्याने 'स्टार वॉर्स' रचलं. अंगणात मात्र हक्क मागायला कुणी येत नाही.

समुद्राला महाराजांच्या या छापील आणि पडद्यावरच्या चित्रांत फारशी जागा मिळाली नाही, म्हणून तो अंगणातही क्वचितच येतो. खांदेरी करायची तर आधी पाण्याची परात हवी. शिवाय जानेवारी १६८०मध्ये सिद्दीने शेजारचं उंदेरी बळकावून तिथून तोफा डागल्या, तेव्हा त्याच परातीत शत्रूचाही किल्ला बांधावा लागेल.