आगकाड्यांच्या उद्योगातील मक्तेदारी

प्रतिस्पर्धी कारखाने विकत घेऊन अथवा विलीन करून बाजारपेठेवर प्रभुत्व मिळविण्याचे ठळक उदाहरण आगकाड्यांच्या उद्योगात आढळते. शीळफाट्याहून काटईमार्गे गाठता येणाऱ्या अंबरनाथ (ठाणे जिल्हा) येथील ‘वेस्टर्न इंडिया मॅच कंपनी’चा (विम्को) कारखाना हा अशाच एका स्वीडिश उद्योगसमूहाने भारतात उभारलेल्या पहिल्या कारखान्यांपैकी होता.

ईव्हार क्रूगर (१८८०–१९३२) या स्वीडिश उद्योगपतीने १९१३ मध्ये स्वीडनमधील लहान कारखाने एकत्र आणले आणि १९१७ मध्ये ‘यन्शपिंग-व्हल्कान’ ही बलाढ्य प्रतिस्पर्धी कंपनी त्यांत विलीन करून ‘स्वीडिश मॅच कंपनी’ स्थापिली. त्यानंतर परदेशांतील कारखान्यांची खरेदी सुरू झाली. जेथे खरेदी पुरेशी नव्हती, तेथे सरकारांना कर्जे देऊन मक्तेदारीचे हक्क मिळविण्यात आले. जर्मनीशी १२.५ कोटी डॉलरच्या कर्जाचा करार १९२९ मध्ये झाला. तेथील मक्तेदारी १९८३ पर्यंत टिकली. क्रूगरने मात्र १९३२ मध्ये पॅरिस येथे आत्महत्या केली आणि त्याच्या हिशेबांतील लबाडी उघडकीस आली.

भारतात १९२२ मध्ये आयात आगपेट्यांवर दर ग्रोसला (१४४ पेट्या) दीड रुपया जकात बसली. आयात न परवडल्याने स्वीडिश कंपनीने जकातीच्या भिंतीआड स्वतःच कारखाने काढले. विम्कोची स्थापना १९२३ मध्ये झाली. त्याच भिंतीचा आसरा देशी कारखानदारांनाही मिळाला. १९२८ च्या कायद्याने ही जकात संरक्षक ठरविण्यात आली. १९३४ मध्ये उत्पादन शुल्क लागू झाले. पुढे लहान उत्पादकांसाठी शुल्काचे दर कमी ठेवण्यात आले.

येथे खरेदीच्या तंत्राला मर्यादा पडली. प्रतिस्पर्धी मोजके असतील, तरच ते विकत घेता येतात. तमिळनाडूतील शिवकाशी परिसरात अल्प भांडवलावर, हातकामाने चालणारे असंख्य कारखाने निघाले; एक विकत घेतला, तरी त्याच्या जागी दुसरा उभा राहू शकत होता. मात्र या स्वस्ताईचा भार मुख्यतः स्त्रिया व बालकामगार यांच्या अल्प मजुरीवर पडला. या धंद्यात बालकांना कामास लावण्यावर १९८६ च्या कायद्याने बंदी घालण्यात आली. अखेर २००५ मध्ये आयटीसी समूहाने विम्कोच विकत घेतली.