धुऱ्यापलीकडे

हिंगोलीकडच्या आमच्या वावरात फवारणीचा पंप विहिरीच्या कडेलाच धुवायचा, ही जुनी खोड. ते धुवण मातीतून कुठवर जाते, हे कोणी विचारले नाही.

गंमत पाहा, या प्रश्नाला उपयोगी पडणारे गणित १९४० च्या दशकात अमेरिकेत, लॉस अ‍ॅलॅमॉसला, उलाम आणि फॉन नॉयमन या दोघांच्या विचारांतून निघाले. कागदावर घरे आखायची. प्रत्येक घराने फक्त शेजारची घरे पाहून आपली पुढची स्थिती ठरवायची. बस्स! १९९० च्या दशकात इटलीतील कालाब्रिया विद्यापीठाच्या मंडळींनी दूषित मातीचे असेच तुकडे कल्पिले: कुणात पाणी किती, विष किती, शेजारी सरकेल किती. इतकी घरे एकट्या यंत्राला जड. म्हणून पट्टे पाडून ती अनेक यंत्रांना वाटली. प्रत्येकाने आपला पट्टा सांभाळावा, धुऱ्यावरची खबर तेवढी शेजाऱ्याला द्यावी. त्यांची ‘कॅमल’ प्रणाली आरंभी ट्रान्सप्युटरांवर चाले; पुण्याच्या सी-डॅकचा १९९१ चा ‘परम ८०००’ही त्यांचाच.

परवा मी वहीत आमचे वावर असेच आखले. दादाने बराच वेळ पाहिले.

“काळ्या रानाच्या भेगा कुठं काढल्यास?” तो म्हणाला. “पहिलं पाणी त्यातूनच तर खाली जातं.”